कल्याणच्या ३२ डिश आणि एक प्रश्न: ही रचना आकाशातली की आपल्या बेसलाइनची?

रेडिओ खगोलशास्त्रात संशोधन करायचं म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं ते जीएमआरटीचं. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. पण हे काम टीआयएफआरच्या गटाने जिथे सुरू केलं ती जागा खोडद नव्हे, कल्याण. १९६५ मध्ये कल्याणजवळ सहा फुटी ३२ डिश मांडून सूर्याचं निरीक्षण सुरू झालं. रोज ठाणे-कल्याण लोकलने कॉलेजला जाणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांना हे माहीतच नसतं.

या लेखात इतिहास आहे, पण तो निमित्तापुरता. मुद्दा वेगळा आहे. इंटरफेरोमीटर फोटो काढत नाही. तो आकाशाबद्दलचे काही आकडे मोजतो, आणि त्या आकड्यांवरून चित्र आपण तयार करतो. त्यामुळे रेडिओ दुर्बिणीचं कुठलंही सुंदर चित्र समोर आलं की एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: यात दिसणारी रचना खरंच आकाशात आहे, की मोजलेल्या आणि न मोजलेल्या अंतरांमुळे तशी दिसतेय? संशोधनात पुढे काहीही करा, हा प्रश्न सुटत नाही.

एक डिश का पुरत नाही

दुर्बिणीला किती बारीक दिसेल हे एका साध्या भागाकाराने कळतं. तरंगलांबी भागिले दुर्बिणीची रुंदी. उत्तर रेडियनमध्ये येतं. एक रेडियन म्हणजे साधारण ३४३८ आर्कमिनिट, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कल्याणची दुर्बीण ६१० मेगाहर्ट्झवर चालायची, म्हणजे तरंगलांबी ४९ सेंटिमीटर. एक डिश सहा फुटांची, म्हणजे साधारण १.८ मीटर. ०.४९ भागिले १.८ केलं की ०.२७ रेडियन, म्हणजे जवळजवळ १६ अंश. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणजे एका डिशला एका नजरेत तीस सूर्य शेजारी शेजारी मावतील एवढा भाग एकच ठिपका म्हणून दिसतो. अशा डिशने सूर्यावर काय चाललंय ते कळणं शक्यच नाही.

आता कल्याणची मांडणी बघा. २४ डिश पूर्व-पश्चिम ६३० मीटरच्या रेषेवर आणि ८ डिश दक्षिणोत्तर २५६ मीटरच्या रेषेवर. भागाकारात रुंदीच्या जागी ६३० घाला. उत्तर साधारण २.७ आर्कमिनिट. सूर्य ३२ आर्कमिनिटांचा, म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेने त्याचे बाराएक पट्टे वेगळे करता येतात. दक्षिणोत्तर दिशेत हेच उत्तर साधारण ६.६ आर्कमिनिट.

डिश त्याच, सहा फुटी. बदललं ते फक्त त्यांच्यातलं अंतर. या अंतरालाच बेसलाइन म्हणतात. डिशचा आकार किती मंद स्रोत दिसेल ते ठरवतो, बेसलाइन किती बारीक दिसेल ते ठरवते. या दोन गोष्टींची गल्लत मुलाखतीत फार होते.

दोन डिश, एक अंतर, एक आकडा

दोन अँटेना एकाच स्रोताकडे बघतायत. स्रोत डोक्यावर नसेल तर त्याची लाट एका अँटेनाला आधी आणि दुसरीला जरा उशिरा पोचते. दोघींचे सिग्नल आणून गुणले की गुणाकार त्या उशिरावर अवलंबून कमी-जास्त होतो. पृथ्वी फिरते, उशीर बदलत जातो आणि गुणाकार झुल्यासारखा वर-खाली होतो. या पट्ट्यांना फ्रिंज म्हणतात.

स्रोत अगदी ठिपका असेल तर झुला पूर्ण उंच जातो. स्रोत पसरलेला असेल तर त्याच्या एका भागाचा झुला वर असताना दुसऱ्या भागाचा खाली असतो, दोघं एकमेकांना खोडतात आणि फ्रिंज फिकी पडते. फ्रिंज किती उठून दिसते आणि तिचा फेज किती, एवढं एका बेसलाइनकडून एका वेळी मिळतं. गणिताच्या भाषेत, आकाशातल्या तेजाच्या वाटपाचा फूरिए रूपांतरातला एक घटक. या आकड्याला व्हिजिबिलिटी म्हणतात.

फूरिए शब्दाने बिचकू नका. पेटी समोर आणा. जवळच्या अँटेनांची जोडी म्हणजे खर्जाची पट्टी, तिला मोठ्या, पसरलेल्या रचना ऐकू येतात. लांबच्या अँटेनांची जोडी म्हणजे तार सप्तकाची पट्टी, तिला बारीक तपशील ऐकू येतो. एका जोडीला एका वेळी एकच स्वर. गाणं ओळखायचं तर पुष्कळ पट्ट्या लागतात. आणि पेटीत ज्या पट्ट्याच नाहीत, ते स्वर गाण्यात होते की नव्हते हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

सिग्नस ए: डोंबिवली ते कल्याण एवढ्या अंतरातला शोध

लांब बेसलाइनने आकाशाची समज कशी बदलते याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण १९५३ चं आहे. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकला रॉजर जेनिसन आणि कलकत्त्याहून तिथे गेलेले मृणालकुमार दासगुप्ता हे दोघं सिग्नस ए या अतिशय तेजस्वी रेडिओ स्रोताचा आकार मोजत होते. १२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी २.४ मीटर. बेसलाइन काही किलोमीटरच्या.

अपेक्षा अशी की बेसलाइन वाढवत गेलं की फ्रिंज हळूहळू फिकी होत जाईल आणि संपेल. एका सलग गोळ्याचं साधारण असंच होतं. पण इथे फ्रिंज फिकी होत जवळजवळ नाहीशी झाली आणि बेसलाइन आणखी वाढवल्यावर परत उठली. एका साध्या गोळ्याला हे जमत नाही, एकमेकांपासून दूर असलेल्या दोन तुकड्यांना मात्र जमतं. त्यांनी काढलेलं उत्तर: साधारण दीड आर्कमिनिटाच्या अंतरावर दोन वेगळे तुकडे.

हे गणित स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. दीड आर्कमिनिट म्हणजे ०.०००४४ रेडियन. दोन सारख्या तुकड्यांची फ्रिंज पहिल्यांदा पुसली जाते ती तरंगलांबी भागिले या कोनाच्या दुप्पट, एवढ्या अंतरावर. म्हणजे साधारण पावणेतीन किलोमीटर. परत उठते ती त्याच्या दुप्पट अंतरावर, साडेपाच किलोमीटरला.

आता हे आपल्या रेल्वेमार्गावर मांडा. एक अँटेना डोंबिवली स्टेशनवर ठेवली आणि दुसरी कल्याणच्या दिशेने सरकवत नेली, आणि ते दोन तुकडे आकाशात याच रेषेच्या दिशेने आहेत असं धरलं, तर ठाकुर्लीच्या जरा पुढे फ्रिंज गायब होते आणि कल्याण येईस्तोवर परत दिसू लागते. पूर्ण जोराने नाही, कारण त्या तुकड्यांनाही स्वतःची रुंदी आहे. ठाकुर्लीलाच थांबलो असतो तर ‘एक पसरलेला गोळा’ असं लिहून मोकळे झालो असतो. पुढच्या तीन किलोमीटरनी उत्तर बदललं.

१९५४ मध्ये बाडे आणि मिन्कोव्स्की यांनी या जागी एक दूरची दीर्घिका असल्याचं प्रकाशीय दुर्बिणीने दाखवलं. रेडिओचे दोन तुकडे मात्र तिच्या दोन्ही बाजूंना, तिच्या बाहेर. दीर्घिकेच्या बाहेरच्या ‘रिकाम्या’ जागेतून एवढी ऊर्जा येते कुठून? दीर्घिकेच्या केंद्रातून निघणाऱ्या जेटच्या कल्पनेपर्यंत पोचायला पुढची दोन दशकं गेली. त्या सगळ्याची सुरुवात एका आलेखात फ्रिंज परत वर चढली या निरीक्षणात आहे.

एकच सूर्य, दोन उत्तरं

आता कल्याणकडे येऊ. पण कल्याणच्या डिश आधी ऑस्ट्रेलियात होत्या, आणि त्यांच्यासोबत एक वादही आला.

सूर्याचा करोना लाखो अंश तापलेला. त्या खालचा थर त्या मानाने थंड. काही रेडिओ तरंगलांबींवर सूर्याच्या मध्याकडे बघताना आपली नजर करोनाच्या पातळ थरातून जाते, काठाकडे बघताना मात्र तिरकी, जास्त जाड थरातून. म्हणून काठ मध्यापेक्षा उजळ दिसायला हवा असं सिद्धांत सांगत होता. केंब्रिजच्या स्टॅनिअर यांनी १९५० मध्ये ६० सेंटिमीटर तरंगलांबीवर मोजमाप करून सांगितलं की काठ उजळ दिसत नाही.

आपल्या प्रश्नाचं हे अगदी पुस्तकी उदाहरण. स्टॅनिअर यांनी दोन अँटेनांमधली अंतरं बदलत मोजमाप केलं होतं आणि त्यातून तेजाचं वाटप काढताना सूर्य सगळ्या बाजूंनी सारखा आहे हे गृहीत धरलं होतं. पण विषुववृत्ताकडचा काठ आणि ध्रुवांकडचा काठ रेडिओत सारखे नसतात. मोजमाप आणि निष्कर्ष यांच्या मधे एक गृहीतक बसलं होतं.

सिडनीजवळच्या पॉट्स हिलला ख्रिस क्रिस्टियनसन यांनी सहा फुटी ३२ डिशची रांग उभारली होती. गोविंद स्वरूप आणि आर. पार्थसारथी हे दोन तरुण भारतीय तिथे कोलंबो योजनेतून गेले होते. ही रांग मुळात २१ सेंटिमीटरसाठी होती. दोघांनी ती ६० सेंटिमीटरवर चालेल अशी बदलली आणि सूर्याचा काठ परत मोजला. त्यांना काठ उजळ मिळाला.

पुढे क्रिस्टियनसन नवी दुर्बीण बांधायला दुसरीकडे गेले. पॉट्स हिलच्या डिश निकालात निघणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारताला द्याव्यात अशी विनंती केली आणि ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने ती मान्य केली. डिश आधी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आल्या. मधल्या काळात स्वरूप अमेरिकेत गेले, स्टॅनफर्डला पीएचडी केली. होमी भाभांनी टीआयएफआरमध्ये रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढायचं ठरवलं, १९६३ मध्ये स्वरूप तिथे रुजू झाले, आणि त्या डिश दिल्लीहून टीआयएफआरकडे आल्या. १९६५ मध्ये त्या कल्याणला कामाला लागल्या.

१९६६ मध्ये स्वरूप, कपाही, इस्लूर आणि सिन्हा यांचा शांत सूर्याच्या ४९ सेंटिमीटरवरच्या निरीक्षणांवरचा पेपर ‘नेचर’मध्ये आला. कल्याणच्या निरीक्षणांतून सूर्याचा काठ स्पष्टपणे उजळ असल्याचं आणि करोनाचं तापमान साधारण दहा लाख अंश केल्व्हिन असल्याचं निघालं. दुसऱ्यांनी निकालात काढलेल्या डिश होत्या, पण अंतरं बरोबर होती आणि प्रश्न बरोबर होता.

एक छोटा स्वाध्याय. सारख्या तेजाची गोल चकती घेतली तर तिची व्हिजिबिलिटी पहिल्यांदा शून्य होते ती १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले कोनीय व्यास, एवढ्या बेसलाइनला. ४९ सेंटिमीटर आणि ३२ आर्कमिनिट घाला. उत्तर साधारण ६४ मीटर. फक्त काठच उजळ असलेली बारीक कडी घेतली तर १.२२ च्या जागी ०.७७ येतं, म्हणजे साधारण ४० मीटर. खरा सूर्य या दोन टोकांच्या मधे. म्हणजे चकती की कडी हा वाद मिटवायला तुमच्याकडे ४० ते ६४ मीटर आणि त्यापुढच्या बेसलाइन हव्यात. फक्त २० मीटरच्या आतच मोजत बसलात तर दोन्ही मॉडेलं जवळजवळ सारखीच बसतील.

सारखी अंतरं: सोय आणि गोची

कल्याणच्या २४ डिश ६३० मीटरवर समान अंतरावर आहेत असं धरून हिशोब करू. दोन शेजारच्या डिशमध्ये साधारण २७ मीटर. अशा समान अंतराच्या रांगेला ग्रेटिंग म्हणतात. तिची नजर कंगव्याच्या दातांसारखी असते: आकाशात एकाआड एक बारीक पट्टे, आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे ४९ सेंटिमीटर भागिले २७ मीटर, साधारण एक अंश.

सूर्यासाठी हे छान. सूर्य अर्ध्या अंशाचा, म्हणून एका वेळी एकाच पट्ट्यात सापडतो. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, त्यामुळे डिश न हलवता दर चारेक मिनिटांनी सूर्य पुढच्या पट्ट्यातून सरकतो आणि त्याचा नवा आलेख मिळतो. पण स्रोत एक अंशापेक्षा मोठा असता तर तो एकाच वेळी दोन पट्ट्यांत दिसला असता आणि कुठला सिग्नल कुठून आला ते कळलं नसतं. म्हणजे ही दुर्बीण सूर्यासाठी उत्तम आणि अनोळखी आकाशासाठी अपुरी.

दुसरी गोची मोजून बघा. २४ डिशच्या जोड्या किती? २४ गुणिले २३ भागिले २, म्हणजे २७६. पण अंतरं समान असल्यामुळे वेगळी अंतरं फक्त २३. बाकीच्या जोड्या तेच तेच अंतर परत मोजतात. सिग्नल बळकट होतो, नवी माहिती मिळत नाही.

जीएमआरटीची मांडणी याच्या अगदी उलट विचाराने केलेली आहे. ३० अँटेनांपैकी १४ साधारण एक किलोमीटरच्या मध्यभागात विखुरलेल्या, उरलेल्या १६ वाय आकाराच्या तीन भुजांवर. सर्वांत लांब बेसलाइन साधारण २५ किलोमीटर. ठाणे ते कल्याण रेल्वेने वीस किलोमीटर, त्याहूनही जास्त. जोड्या ४३५, आणि त्यांची अंतरं व दिशा शक्यतो वेगवेगळ्या. त्यात पृथ्वी फिरते तशी स्रोताच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक जोडीची लांबी आणि दिशा बदलत जाते. आठ-दहा तास बघत राहिलात तर एकच जोडी किती तरी वेगळे आकडे देते. पृथ्वीच्या फिरण्याचा असा उपयोग करायचं तंत्र मार्टिन राइल यांनी केंब्रिजला विकसित केलं. १९७४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमागे हे काम होतं.

पण जीएमआरटीच्या पेटीतही काही पट्ट्या नाहीत. तिथली सर्वांत छोटी बेसलाइन साधारण १०० मीटर. ६१० मेगाहर्ट्झवर भागाकार करा: साधारण १७ आर्कमिनिटांहून मोठी, सलग पसरलेली रचना तिला नीट दिसतच नाही. अशी मोठी धूसर रचना चित्रात नाही म्हणून ती आकाशात नाही असा निष्कर्ष काढला तर तो बेसलाइनच्या यादीवरून काढलेला असतो. दीर्घिकांच्या समूहांमधल्या पसरट रेडिओ तेजावर काम करणाऱ्यांना हे रोज सांभाळावं लागतं.

मग लांब बेसलाइन हाताशी नसेल तर? टीआयएफआरच्या गटाने यावर वेगळी युक्ती केली. १९७० मध्ये सुरू झालेल्या ऊटीच्या दुर्बिणीने त्यांनी चंद्राचाच उपयोग केला. चंद्राची कड रेडिओ स्रोताला झाकत जाते तेव्हा सिग्नल कसा कमी होतो यावरून स्रोताची बारीक रचना काढता येते. कल्याणच्या पेपरात ज्यांचं नाव होतं त्या विजय कपाहींनी आणि स्वरूप यांनी १९७५ मध्ये अशा मोजमापांतून दाखवलं की मंद रेडिओ स्रोतांचे कोनीय आकार, न बदलणाऱ्या विश्वाच्या कल्पनेत बसत नाहीत. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर ज्या स्थिर स्थिती सिद्धांताच्या बाजूने उभे होते, त्याच्या विरुद्ध हा पुरावा होता. स्रोताचा ‘आकार’ नीट मोजणं एवढ्या दूर पोचतं.

फेजचा प्रश्न, आणि ठाणे-डोंबिवली-कल्याण त्रिकोण

आत्तापर्यंत आपण फ्रिंज किती उठून दिसते यावरच बोललो. तिचा फेज स्रोत कुठे आहे आणि कुठल्या बाजूला झुकलाय ते सांगतो. तो हरवला तर चित्र हरवलं. जेनिसन आणि दासगुप्तांच्या यंत्राला फेज मोजताच येत नव्हता, म्हणून त्यांना ‘दोन तुकडे’ एवढं कळलं, पण दोघांपैकी कुठला कुठे हे नाही.

फेज बिघडतो फार सहज. ४९ सेंटिमीटरच्या लाटेत केबलची लांबी अडीच सेंटिमीटर बदलली तरी विसाव्या भागाची चूक. उन्हाने केबल तापते, लांबी बदलते. स्वरूप यांनी स्टॅनफर्डला असतानाच के. एस. यांग यांच्यासोबत यावर उपाय काढला होता, तो १९६१ मध्ये छापून आला: मध्यभागातून सिग्नल त्याच केबलने अँटेनापर्यंत पाठवायचा, तिथून परत आणायचा आणि येण्याजाण्यात फेज किती सरकला ते मोजायचं. असे उपाय पुढे जगभरच्या दुर्बिणींत वापरले गेले.

पण वातावरण आणि आयनोस्फिअर यांना केबल नसते. तिथे जेनिसन यांनी १९५८ मध्ये मांडलेली एक साधी कल्पना कामी येते. ठाणे, डोंबिवली आणि कल्याणला एकेक अँटेना आहे समजा. प्रत्येकीवरच्या आकाशाने आपापली चूक घातली. ठाणे-डोंबिवली जोडीच्या फेजमध्ये ठाण्याची चूक वजा डोंबिवलीची चूक. डोंबिवली-कल्याणमध्ये डोंबिवलीची वजा कल्याणची. कल्याण-ठाणेमध्ये कल्याणची वजा ठाण्याची. आता तिन्ही फेज मिळवा. सगळ्या चुका एकमेकींना खोडतात आणि उरतो तो फक्त आकाशातला खरा फेज. याला क्लोजर फेज म्हणतात. तीन अँटेनांना असा एक आकडा मिळतो, ३० अँटेनांना ४०६. कागदावर स्वतः लिहून बघा, परीक्षेत हा प्रश्न आला तर हात थांबणार नाही.

किंमतही आहे: स्रोत आकाशात नेमका कुठे आहे ते क्लोजर फेजमधून कळत नाही. रचना कळते, पत्ता नाही.

बेसलाइन पृथ्वीएवढी होते तेव्हा

अँटेना हजारो किलोमीटर दूर असतील तर केबल टाकता येत नाही. मग प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन मेसरसारखं अत्यंत अचूक घड्याळ ठेवून सिग्नल वेळेसकट साठवायचे आणि नंतर एकत्र आणून गुणायचे. १९६७ पासून हे होत आलंय. यालाच व्हीएलबीआय म्हणतात.

१० एप्रिल २०१९ ला जाहीर झालेलं एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र याच पद्धतीचं. सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणी, तरंगलांबी १.३ मिलिमीटर. दहा हजार किलोमीटरने भागा: साधारण २७ मायक्रोआर्कसेकंद. चित्रातल्या कड्याचा व्यास साधारण ४२. म्हणजे कडं दुर्बिणीच्या नजरेच्या दीडपटच मोठं. आणि पेटीत पट्ट्या मोजक्या.

आपला प्रश्न इथे किती जड होतो बघा. कडं आकाशात आहे की बेसलाइनच्या यादीत? त्या गटाने यासाठी काय केलं ते चित्राहून जास्त शिकण्यासारखं आहे. सुरुवातीला चार वेगवेगळ्या गटांनी एकमेकांशी न बोलता चित्रं तयार केली. आणि संगणकावर खोटं आकाश करून त्यावर पद्धती तपासल्या: कडं, चंद्रकोर, भरीव चकती, दोन ठिपके. भरीव चकती दिली तर पद्धत भरीव चकतीच देते ना, की तिलाही मधे भोक पाडते? ही चाचणी पार केल्याशिवाय अंतिम चित्रासाठी ती पद्धत वापरली नाही.

आता तुम्ही काय करायचं

हे सगळं घरच्या लॅपटॉपवर करून बघता येतं. पायथनमध्ये एक भरीव चकती आणि एक कडी, अशी दोन चित्रं बनवा. दोघांचं फूरिए रूपांतर घ्या. मग कल्याणसारखी समान अंतरांची यादी करा आणि त्या अंतरांवरचेच आकडे ठेवून बाकी सगळे शून्य करा. उलटं रूपांतर करून चित्र बघा. नंतर छोटी अंतरं काढून टाका, मग लांब अंतरं काढून टाका, मग अंतरं अनियमित करा. प्रत्येक वेळी चित्रात जे उगवतं आणि जे नाहीसं होतं त्याची नोंद ठेवा. चार-पाच पुस्तकी प्रकरणांपेक्षा यातून जास्त हाताला लागतं.

त्यानंतर खरी मोजमापं. जीएमआरटीची जुनी निरीक्षणं ऑनलाइन आर्काइव्हमध्ये असतात आणि ठराविक मुदतीनंतर इतरांनाही वापरता येतात. त्यात जुनं म्हणून टाकाऊ असं काही नसतं. २०१० ते २०१२ मध्ये १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाश-पाहणीची निरीक्षणं दुसऱ्या एका गटाने नव्या पद्धतीने परत सोडवली, २०१७ मध्ये पेपर छापला, आणि त्यातून सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी मिळाली. आकाशाकडे नव्याने न बघता.

आणि कुठलाही पेपर वाचताना चित्राआधी चार गोष्टी शोधा. सर्वांत लांब बेसलाइन किती? सर्वांत छोटी किती? मधे कुठे मोठी पोकळी आहे का? आणि चित्र तयार करताना काय गृहीत धरलंय? ही चार उत्तरं पेपरात सापडली तर चित्रावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. सापडली नाहीत, तर सेमिनारमध्ये हात वर करून विचारा. प्रश्न साधा वाटला तरी विचारा. सूर्याचा काठ उजळ आहे की नाही, हाही साधाच प्रश्न होता.